आधी पट्टी, मग गिटार : नाशिकमधली एक बारा तारांची खरेदी

अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याची टूल रूम सांभाळणारा, सिडकोत राहणारा, चाळिशी ओलांडलेला एक गिटारवादक. मराठी कविता चालीवर गाणाऱ्या एका छोट्या गटाला तो बरीच वर्षं साथ करतो आहे. गटात एक गायिका, एक गायक, तबलजी, निवेदक आणि हा. हार्मोनियम नाही, की-बोर्ड नाही. वाचनालयाचं सभागृह, सोसायटीचा हॉल, कोणाच्या घरची मैफल, कोजागिरीला एखादी गच्ची अशा ठिकाणी त्यांचे कार्यक्रम होतात. कुसुमाग्रजांच्या या गावात 27 फेब्रुवारीच्या आगेमागे त्यांना फारशी उसंत मिळत नाही.

त्याची अडचण साधी होती. संथ चालीच्या कवितांत एक कॉर्ड (एकदम वाजणारे काही सूर) वाजवली की पुढची येईपर्यंत मधली जागा रिकामी पडते. सहा तारांचा आवाज विरून जातो आणि दोन गळ्यांखाली काहीच उरत नाही. जोरात वाजवलं तर कवितेचा भाव जातो. त्याला बारा तारांची गिटार हवी होती. खोळ, तारांचे संच, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) आणि सेटिंगचं काम धरून चाळीस हजारांच्या आत सगळं बसवायचं होतं. गिटारींची ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, बसवणं आणि दुरुस्ती हे माझं काम, म्हणून तो माझ्याकडे आला. कोणती कंपनी घ्यावी, हा त्याचा पहिला प्रश्न होता. मी विचारलं, गटातल्या ताई कोणत्या पट्टीत, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गातात?

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते याच प्रश्नासाठी. सहा तारांची गिटार घेताना गाणाऱ्याची पट्टी विचारली नाही तरी चालतं, कॅपो लावून निभावता येतं. बारा तारांच्या बाबतीत मात्र ती गिटार कोणत्या सुरात राहणार आहे हे आधी ठरवावं लागतं. तारांचा संच, नेकवरचा (गिटारच्या मानेवरचा) ताण, कॅपोची जागा आणि गिटार किती वर्षं सरळ राहील हे सगळं त्या एका निर्णयातून ठरतं.

पट्टीचा हिशेब

बारा तारा म्हणजे सहा जोड्या. वरच्या दोन जोड्यांत, म्हणजे बारीक ई आणि बी यांच्या जोड्यांत, दोन्ही तारा एकाच सुराच्या. बाकीच्या चार जोड्यांत एक नेहमीची तार आणि तिच्याशेजारी एक सप्तक वरची बारीक तार. त्यातली जी ची वरची तार तर पहिल्या ई पेक्षाही उंच लागते. पहिली ई सुमारे 330 हर्ट्झ, ही 392. साधारण 10–47 च्या संचात (पहिली ई 10 आणि जाड ई 47 हजारांश इंच) तिची जाडी फक्त आठ हजारांश इंच, म्हणजे 0.2 मिलिमीटर. बारा तारांच्या गिटारवर सगळ्यात जास्त तुटते ती हीच.

टूल रूमचा माणूस असल्यामुळे त्याने लगेच विचारलं, मग ती जाड का घेत नाहीत? जाड घेतली की ताणही जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी आणि सूर तोच ठेवला तर तारेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर येणारा भार जाडी बदलली तरी तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर सूर उतरवणं हाच मार्ग.

आता पूर्ण गिटारचा हिशेब. सहा तारांच्या गिटारवर 12–53 चा संच नेहमीच्या सुरात लावला की एकूण ओढ साधारण 75 किलो. बारा तारांवर 10–47 चा हलका संच त्याच सुरात लावला तर ती 110 किलोच्या आसपास जाते. हा भार रात्रंदिवस नेकवर, ब्रिजवर (धडावर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यावर) आणि वरच्या पातळ फळीवर असतो. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून अर्धा स्वर उतरवला तर तो सुमारे 11 टक्क्यांनी घटतो, पूर्ण स्वर उतरवला तर 20 टक्क्यांहून थोडा जास्त. 110 चे 87 होतात. तरीही तो सहा तारांपेक्षा जास्तच, पण गिटारला झेपेल असा.

ही युक्ती जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेडबेली हा अमेरिकन गायक आपली स्टेला कंपनीची बारा तारांची गिटार नेहमीच्या सुरापेक्षा कितीतरी खाली लावून वाजवायचा. लिओ कॉटकीसारखे पुढचे वादकही ती उतरवूनच ठेवत आले. गिल्ड कंपनीने आपल्या बारा तारांच्या गिटारींच्या नेकमध्ये एकाऐवजी दोन ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळ्या) घातले, ते याच ओढीपायी.

ताई हार्मोनियमच्या काळी पाचमध्ये गातात, गायक काळी एकमध्ये. म्हणजे ए शार्प आणि सी शार्प. नेहमीच्या सुरातल्या गिटारवर काळी पाचसाठी पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कॅपो लावून ए च्या कॉर्डचे आकार बोटांनी धरावे लागतात किंवा तिसऱ्यावर लावून जी चे. गिटार पूर्ण स्वर उतरवली की चित्र पालटतं. सी चा आकार धरला की आपोआप काळी पाच वाजते, कॅपो लागतच नाही. गायकासाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डी चे आकार, की काळी एक. कोमल गंधाराच्या चालींसाठी गायकाला तीच जागा आणि डी मायनरचा आकार, ताईंना तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ए मायनर. सी, डी, ए मायनर हे आकार त्याच्या बोटांत मुरलेलेच होते.

एवढं वहीत मांडून झालं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे गिटार अजून घेतली नाही, पण लावून झाली." ठरलं ते असं : गिटार कायम पूर्ण स्वर खाली राहणार. दुकानात ती पारखायचीही त्याच सुरात.

पैसे घालण्याआधी

पैसे घालण्याआधी एक चाचणी करता येते आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. त्याच्याकडे एक जुनी सहा तारांची गिटार पडून होती. तिच्यावर मी नॅशविल पद्धतीने तारा चढवल्या. म्हणजे बारा तारांच्या संचातल्या फक्त सप्तकाच्या बारीक तारा खालच्या चार जागी आणि वरच्या दोन नेहमीसारख्या : 10, 14, 9, 12, 18, 27. या मापांचा तयार संचही मिळतो. ओढ कमी असल्याने कोणत्याही धडधाकट गिटारला तो चालतो. मग सरावाला एकाने नेहमीची गिटार वाजवायची, दुसऱ्याने ही, दोघांनी तेच आकार धरायचे. बारा तारांचा आवाज साधारण कसा येईल ते एका संचाच्या खर्चात कळतं.

गटाला आवाज आवडला. कॉर्डनंतरची रिकामी जागा भरत होती. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानांना तो झंकार परका वाटला नाही. पण एक अडचण तेव्हाच दिसली, ती पुढे सांगतो. ज्या गटात दोन गिटारवादक असतील त्यांनी इथेच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नॅशविलची गिटार आणि साधी गिटार मिळून जे काम करतात ते एकट्या बारा तारांपेक्षा जास्त मोकळं आणि स्वच्छ ऐकू येतं. इथे मात्र वादक एकच होता, म्हणून खरेदीचा विचार पुढे गेला.

दुकानातली नवी, देवळालीतली जुनी

शहरातल्या एका दुकानात बारा तारांची एक भारतीय बनावटीची गिटार टांगलेली होती. किंमत बजेटच्या निम्म्याहून कमी. दिसायला देखणी, वरची फळी प्लायची. प्लाय म्हणून मी ती नाकारली नसती. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लायची फळी अखंड लाकडापेक्षा कमी हलते, आणि जो माणूस गिटार खोळीत न ठेवता भिंतीला टांगतो त्याला प्लायच बरी.

आमच्याकडे मापाची साधनं होती : फीलर गेज, व्हर्नियर आणि दोन फुटी स्टीलची पट्टी. पैकी गेज आणि व्हर्नियर त्याचे स्वतःचे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, नेक जिथे धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबली आणि मधल्या फ्रेटवर फट मोजली : 0.25 मिलिमीटर. म्हणजे नेकचा बाक ठीक, ट्रस रॉड आपलं काम करत होता. मग बाराव्या फ्रेटवर जाड ई ची उंची मोजली : 3.6. बोटांना ही शिक्षाच. बारा तारांवर दोन तारा एकदम दाबायच्या असतात, तिथे 2.2 ते 2.4 च्या पुढे गेलं की तासाभराच्या कार्यक्रमात हात भरून येतो.

सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, घासून उंची कमी करता येते, पण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तिथे एक मिलिमीटर उतरवायला सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. इथे सव्वा मिलिमीटर उतरवायचं तर अडीच घासायला हवं आणि सॅडल ब्रिजच्या वर अडीचच होतं. घासलं तर उरलं काय? शेवटची तपासणी पट्टीने. ती फ्रेटांवर मधोमध सपाट ठेवून ब्रिजकडे सरकवली. नेकचा कोन बरोबर असेल तर पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम टेकतं. इथे ते माथ्याच्या दीड मिलिमीटर खाली, ब्रिजच्या पुढच्या अंगावर आपटलं. नवी कोरी गिटार, पण कोन आधीच गेलेला. "तारा नव्या आहेत, महिनाभरात बसतील," असं दुकानदार सांगत होते. तारा बसतात म्हणजे ताणून स्थिर होतात. त्याने नेकचा कोन सुधारत नाही. आम्ही आभार मानून निघालो.

दुसरी गिटार देवळाली कॅम्पातली. एका निवृत्त काकांची, बऱ्याच दशकांपूर्वीची जपानी बनावटीची. चर्चच्या गायनाला त्यांनी ती वाजवलेली. मागत होते अठरा हजार. आवाज ऐकला आणि आमचा वादक तिथेच विरघळला. अखंड लाकडाची फळी वर्षानुवर्षं वाजून मोकळी झाली की जो आवाज देते तो नव्या गिटारमध्ये मिळत नाही, हे मान्यच. "काका, जरा पट्टी लावून बघू का?" म्हटलं. ते हसून म्हणाले, "बघा की, माझ्यापेक्षा म्हातारी नाही ती."

ब्रिजच्या मागे फळी फुगली होती आणि आवाजाच्या भोकाच्या बाजूला बसली होती. थोडं फुगणं स्वाभाविक असतं, फळी अगदी सपाट असली तर मलाच शंका येते. पण ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवला तर तो सहज आत गेला, म्हणजे ब्रिज उचलला जात होता. पट्टीचं टोक ब्रिजच्या पायथ्याशी. सॅडल पूर्वीच कोणीतरी घासून संपवलेलं, त्यामुळे तारांना खाली दाबणारा कोनही उरला नव्हता. ही गिटार आयुष्यभर नेहमीच्या सुरात लावलेली होती आणि सगळा दोष त्या 110 किलोंचा.

दुरुस्ती होऊ शकते. नेक सांध्यातून सोडवायची, टाच तासून कोन बदलायचा, पुन्हा बसवायची, ब्रिज काढून नव्याने चिकटवायचा. हे काम निगुतीने करणारे कारागीर थोडे, वेळ महिन्यांचा आणि खर्च मूळ किमतीत मिळवला तर नव्या गिटारजवळ जाणारा. त्यातही सांधा उघडल्यावर आत काय निघेल याची खात्री कोणी देत नाही. ज्याच्याकडे दुसरी वाजती गिटार आहे आणि थांबायची तयारी आहे त्याने हा सौदा जरूर करावा. आमच्या वादकाला फेब्रुवारीत कार्यक्रम होते.

त्याला नाही म्हणणं जड गेलं, आणि ते मला समजत होतं. निघण्याआधी आम्ही काकांच्या परवानगीने सगळ्या तारा दोन स्वर उतरवल्या आणि तशाच ठेवा असं सांगितलं. ब्रिज निदान आणखी वर येणार नाही. त्या सुरातही गिटार सुंदर वाजत होती, फक्त तिसऱ्या फ्रेटच्या पुढे बोट ठेवणं अशक्य. कोणी स्लाइड (तारेवर नळी सरकवून) वाजवणारा असेल तर त्याला ती अजूनही सोनं आहे.

मुंबई

बारा तारांच्या गिटारी दुकानात रांगेने टांगलेल्या नसतात. फोन करून, दोन नग ठेवा असं सांगून जावं लागतं. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी आणि तिथून चालत धोबी तलाव, हा नाशिकच्या वादकांचा जुना मार्ग. फुर्ताडोचं वाद्यांचं दुकान याच भागात.

यामाहाची एफजी820-12 बजेटमध्ये बसत होती. वरची फळी अखंड स्प्रूसची, बाजू आणि पाठ महोगनीची, नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी 46 मिलिमीटर. नेहमीच्या सहा तारांच्या गिटारवर ही रुंदी 43 च्या आसपास असते. तीन मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण सी चा आकार धरताना शेजारच्या जोडीला बोट लागतं की नाही ते यावरच ठरतं. टेलरची 150ई सुद्धा हातात घेऊन पाहिली. तिचा नट आणखी रुंद, 47.6, आणि नेक फारच सोयीची, पण ती बजेटच्या बरीच बाहेर. ज्यांची बोटं जाड आहेत त्यांनी ती रुंदी एकदा अनुभवून मग ठरवावं.

यामाहाचे दोन नग समोर ठेवले आणि दोन्ही पूर्ण स्वर उतरवायला सांगितले. दुकानातल्या मुलाला नवल वाटलं, पण त्याने मुकाट्याने उतरवले. याला कारण आहे. ओढ घटली की नेक थोडी सरळ होते, बाक कमी होतो, तारा फळीकडे येतात. नेहमीच्या सुरात उत्तम वाटणारी गिटार उतरवल्यावर फ्रेटांवर खडखडू शकते आणि जरा कडक वाटणारी अगदी बरोबर बसू शकते. जिथे ती राहणार आहे तिथेच तिची परीक्षा.

एका नगात पट्टी ब्रिजच्या माथ्याला टेकली, दुसऱ्यात अर्धा मिलिमीटर खाली लागली. आवाजात म्हणावा असा फरक नव्हता. पहिला घेतला. बाराव्या फ्रेटवर 2.6, सॅडल ब्रिजच्या वर चार मिलिमीटर, म्हणजे पुढे कित्येक वर्षं घासायला वाव. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन नगांत एवढा फरक निघतो, म्हणून बारा तारांची गिटार घरबसल्या मागवू नये असं मी सांगतो. मागवायचीच असेल तर परत करायची सोय आधी लेखी घ्यावी.

बसवणी

नाशिकला आल्यावर आठवडाभर गिटार तशीच खोळीत राहू दिली, इथल्या हवेला रुळू दिली. मग सॅडल 0.8 मिलिमीटर घासलं, बाराव्या फ्रेटवर 2.2 मिळाले. नटच्या खाचा जास्त वेळ घेणाऱ्या. त्या उंच असल्या तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाऊन सूर चढतो, आणि जोडीतल्या जाड आणि बारीक तारा सारख्या चढत नाहीत. खुल्या तारा चोख लागलेल्या असतात आणि सी ची कॉर्ड धरली की बेसूर. बारा तारांची गिटार "कधी सुरात येतच नाही" अशी जी तिची ख्याती आहे तिचं मूळ मला बहुतेक वेळा नटमध्येच सापडलेलं आहे. प्रत्येक खाच थोडी थोडी खाली नेत गेलो, फीलर गेजने मोजत. हे काम उतावीळपणे करायचं नाही, कारण खाच एकदा खोल गेली की नवा नटच घालावा लागतो.

संच 10–47 चाच ठेवला. पूर्ण स्वर उतरवल्यावर जाड तारा लावाव्यात असंही काही जण म्हणतात, पण मग जी ओढ कमी केली ती परत येते. बारीक तारा किंचित सैल लागतात, त्याला उजवा हात हलका ठेवणं हे उत्तर, आणि कवितेच्या साथीला तो हलकाच हवा.

सुरात लावण्याची पद्धत त्याने आठवड्याभरात आत्मसात केली. आधी सहा मुख्य तारा, मग एकेक जोडीदार. क्लिपचा ट्यूनर दोन तारा एकदम वाजल्या की गोंधळतो, म्हणून शेजारची तार बोटाने दाबून धरायची. शेवटी ट्यूनर बंद करून कानाने. सप्तकाच्या जोड्या चोखच हव्यात. समस्वराच्या जोड्यांत मात्र अगदी केसाएवढा फरक राहिला तर तोच झंकार होतो.

कॅपो साधा चालला नाही. जाड तारेशेजारी बारीक तार असल्याने कॅपोचं रबर जाड तारेवर टेकतं आणि बारीक तार मोकळी राहून झणझणते. कायसर आणि शब बारा तारांसाठी वेगळे कॅपो बनवतात, त्यातला एक घेतला. कॅपो लावल्यावर दोन-तीन तारा हमखास सरकतात, म्हणून गाण्यांचा क्रमच बदलला : ताईंच्या कविता सलग, मग निवेदन, मग गायकाच्या. कॅपो आणि दुरुस्त्या निवेदनाच्या वेळात होतात. निवेदकाने त्यासाठी आपलं बोलणं थोडं वाढवलं, हे मला फार आवडलं.

साथ करताना

नॅशविलच्या चाचणीत दिसलेली अडचण इथे पुरती समोर आली. पहिल्याच सरावात ताई थांबल्या. "सुरेख वाजतंय रे, पण माझे शब्द झाकले जातायत."

त्यांचं बरोबर होतं. काळी पाचचा त्यांचा मध्य षड्ज 233 हर्ट्झच्या आसपास, तार षड्ज 466. उतरवलेल्या गिटारवर सप्तकाच्या चार तारा खुल्या लागतात त्या साधारण 147, 196, 262 आणि 349 वर, आणि वरच्या दोन जोड्या 220 आणि 294 वर. म्हणजे गिटारचा नवा झंकार नेमका ताईंच्या गळ्याच्या जागेत येऊन बसतो. सहा तारांच्या गिटारवर खालच्या तारा गळ्याच्या खाली राहत होत्या, ती जागा आता भरली. गायकाला हे फारसं जाणवलं नाही, कारण काळी एकमध्ये त्याचा आवाज बराच खाली चालतो.

कवितागायनात शब्द ऐकू आला नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे. म्हणून वाजवण्याची रीत बदलली. ओळ चालू असताना पूर्ण कॉर्ड झाडायची नाही. अंगठ्याने खालच्या दोन-तीन जोड्यांतली एकच छेडायची आणि तिला विरू द्यायचं. नेहमीच्या मांडणीत सप्तकाची बारीक तार जाड तारेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे अंगठा आधी तिलाच लागतो. अंगठा थोडा खोल नेला की जाड तारही तेवढीच बोलते. भरगच्च वाजवणं फक्त दोन कडव्यांच्या मधल्या जागेत. आणि ज्या कवितेत शब्द दाट आहेत, ओळी लांब आहेत, तिथे चक्क जुनी सहा तारांची गिटार. कार्यक्रमातल्या साधारण निम्म्या कवितांनाच बारा तारा राहिल्या आणि त्या निम्म्यांत गिटारचं येणं श्रोत्यांना जाणवू लागलं.

जुनी गिटार विकून नव्यासाठी पैसे उभे करायचा त्याचा विचार होता. तो मी आधीच सोडायला लावला होता. बारा तारांची गिटार कोणाचीही एकमेव गिटार असू नये.

उन्हाळा, पावसाळा

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, तिसऱ्या जोडीवर खडखड येते म्हणून. खोलीतला आर्द्रतामापक तिशीच्या खाली होता. गिटारसाठी 45 ते 55 टक्के बरं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी हवा इतकी सुकते की अखंड लाकडाची फळी आकसून खाली बसते, तारा फ्रेटांजवळ येतात, फ्रेटांची टोकं नेकच्या कडेला बोटांना लागू लागतात. पावसाळ्यात उलट : फळी फुगते, तारा उंचावतात. सहा तारांच्या गिटारवर हा फरक सोसून जातो. बारा तारांवर ॲक्शनची जागाच इतकी अरुंद असते की दोन्ही ऋतूंत त्रास.

उपाय दोन केले. गिटार खोळीतच ठेवायची आणि उन्हाळ्यात खोळीत भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा, पाण्याचा थेंब लाकडाला लागता कामा नये. आणि दुसरं सॅडल. उन्हाळ्यासाठी 0.4 मिलिमीटर उंच असं एक हाडाचं सॅडल मी करून दिलं. होळीनंतर तारा बदलताना ते बसवायचं, पाऊस स्थिरावला की काढून मूळचं घालायचं. तारा तशाही बदलायच्याच असतात, तेव्हा जास्तीचं काम नाही.

आठ हजारांशाची ती बारीक तार पूर्ण स्वर उतरवल्यापासून अजून तुटलेली नाही. तरी तिचे दोन नग खोळीच्या कप्प्यात असतातच. संचाबाहेर ती वेगळी मिळाली नाही तर इलेक्ट्रिक गिटारची त्याच मापाची साधी पोलादी तार चालते, दोन्हींत फरक नाही.

पिकअपचा, म्हणजे गिटारचा आवाज थेट स्पीकरकडे नेणाऱ्या उपकरणाचा, प्रश्न मात्र सुटलेला नाही. सध्या नेक आणि धड मिळतात तिथून वीतभर अंतरावर एक माइक ठेवतात आणि लहान सभागृहात तेवढं पुरतं. मोठ्या मंचावर तबल्याचा आवाज त्या माइकमध्ये शिरतो. सॅडलखालचा पिकअप बसवावा असं त्याचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, दोन वेगवेगळ्या उंचीची सॅडल वापरात असताना त्यांच्याखालची पिकअपची पट्टी दर ऋतूत नीट दाबली जाईल का ते आधी बघावं लागेल. बारा तारांत एका जोडीचा आवाज जरी कमी आला तरी कॉर्ड लंगडी वाटते. ब्रिजच्या आतल्या बाजूला, फळीला चिकटवायचा पिकअप आणून दिवाळीनंतर तो आधी तात्पुरता लावून पाहायचा, असं सध्या ठरलं आहे.